प्रयोगपरिवर्तन, इंग्रजी (मराठी भाषकांच्या दृष्टीने)

अर्थ मुख्यतः कायम ठेवून इंग्रजी वाक्याच्या कर्तरी रचनेचे कर्मणी रचनेत, किंवा कर्मणीचे कर्तरीत, केलेले रूपांतर. 'द पोलीस कॉट द थीफ' ह्या वाक्याचे 'द थीफ वॉज कॉट बाय द पोलीस' असे रूपांतर होते. ह्यात तीन गोष्टी घडतात. मूळ वाक्यातील कर्म उद्देशाच्या जागी येते. क्रियापदाच्या जागी 'बी' ह्या साहाय्यक क्रियापदाचे योग्य रूप व मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित (शाळेतील परिभाषेत 'तिसरे रूप') येते. आणि मूळ कर्ता 'बाय' ह्या शब्दयोगी अव्ययाने वाक्याच्या शेवटी जातो किंवा अजिबात गाळला जातो. कृती एवढीच आहे व ती आठवड्याभरात शिकविता येते. मराठी भाषक विद्यार्थ्याची अडचण मात्र ह्या कृतीच्या आधीच, तिच्या नावापासून सुरू होते. खानदेशातील विद्यार्थ्याच्या वाट्याला त्या अडचणीचा आणखी एक पदर येतो. प्रस्तुत नोंदीत ह्या दोन्हींचा विचार केला आहे.

संज्ञेचा घोळ : इंग्रजीतील 'व्हॉइस' ही संज्ञा लॅटिन 'व्होक्स' ह्या शब्दावरून आली. मराठीतील 'प्रयोग' ही संज्ञा संस्कृत व्याकरणपरंपरेतून आली. विल्यम कॅरीने इंग्रजीतून लिहिलेले मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले. त्याच कॅरीचे बंगालीचे व्याकरण त्यापूर्वी चार वर्षे, १८०१ मध्ये, प्रसिद्ध झाले होते. दोन्ही भाषांची आधुनिक व्याकरणे अशी एकाच हाताखाली आकारास आली, हे येथे सहज नोंदवून ठेवण्याजोगे आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ मध्ये निघाले आणि मोरो केशव दामले ह्यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ मध्ये. ह्या परंपरेत कर्तरी, कर्मणी व भावे असे तीन मुख्य प्रयोग स्थिर झाले. क्रियापद कर्त्याच्या लिंग, वचन, पुरुषाप्रमाणे बदलले तर कर्तरी, कर्माप्रमाणे बदलले तर कर्मणी, आणि दोहोंपैकी कशाप्रमाणेच न बदलता तृतीय पुरुषी नपुंसकलिंगी एकवचनात राहिले तर भावे, अशी त्यांची ओळख विद्यार्थ्याला करून दिली जाते. म्हणजे मराठीतील प्रयोग हा मुख्यतः अन्वयाचा प्रश्न आहे. इंग्रजीत उद्देशाशी क्रियापदाचा अन्वय दोन्ही रचनांत सारखाच असतो; तेथे 'व्हॉइस' हा क्रियापदाच्या घडणीचा व वाक्यातील स्थानांचा प्रश्न आहे.

दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिल्याचे परिणाम वर्गात तत्काळ दिसतात. 'राम आंबा खातो' हे कर्तरी, 'रामाने आंबा खाल्ला' हे कर्मणी आणि 'रामाने रावणाला मारले' हे भावे, असे विद्यार्थी मराठीच्या तासाला शिकतो व ते बरोबर आहे. पुढच्या तासाला इंग्रजीचे शिक्षक सांगतात, की 'राम एट अ मँगो' व 'राम किल्ड रावण' ही दोन्ही कर्तरी वाक्ये आहेत. तेही बरोबरच असते. ज्या मुलाने मराठीचे व्याकरण मन लावून केले आहे, तोच येथे अधिक गोंधळतो. 'रामाने आंबा खाल्ला' हे कर्मणी, तेव्हा त्याचे इंग्रजी 'पॅसिव्ह' असले पाहिजे, असा तर्क करून तो 'राम वॉज ईटन अ मँगो' असे लिहितो. वहीत तांबडी फुली पडते, पण तर्कातील चूक कोणती हे त्याला कोणी सांगत नाही. मराठीचे शिक्षक इंग्रजीत लक्ष घालीत नाहीत आणि इंग्रजीच्या शिक्षकांना मराठीतील प्रयोगविचार बहुधा विसरलेला असतो.

'रामाने आंबा खाल्ला' ह्या वाक्याचे स्वरूप : ह्या रचनेचा इतिहास पाहिला, की घोळ कोठून आला ते कळते. संस्कृतात भूतकाळ दाखविण्यासाठी धातूला 'त' प्रत्यय लावून केलेली विशेषणे वापरीत व कर्ता तृतीया विभक्तीत ठेवीत : 'रामेण आम्रं खादितम्'. ही रचना खरोखरच कर्मणी होती. प्राकृतांतून येताना भूतकाळाची इतर रूपे मागे पडली व हीच रचना सकर्मक क्रियापदांच्या भूतकाळाची नित्याची रचना झाली. मराठी, गुजराती, हिंदी, पंजाबी ह्या भाषांत ती आजही दिसते. मराठीत कर्त्याला 'ने' लागतो व क्रियापद कर्माशी जुळते, हे जुन्या कर्मणीचे अवशेष आहेत. परंतु वाक्याचे केंद्र मात्र कर्त्याकडे परत गेले आहे. 'रामाने आपला आंबा खाल्ला' ह्यातील 'आपला' म्हणजे रामाचा. 'रामाने घरी येऊन आंबा खाल्ला' ह्यात घरी येणारा राम असतो, आंबा नव्हे. 'मी' व 'तू' ह्या सर्वनामांना तर येथे 'ने' हा प्रत्ययही दिसत नाही. 'तू पोळी खाल्लीस' ह्या वाक्यात 'खाल्ली' हे पोळीशी जुळते आणि शेवटचा 'स' कर्त्याशी. व्याकरणकारांना त्यासाठी कर्तृ-कर्मसंकर असे वेगळे नाव करावे लागले. घडणीने कर्मणी व वृत्तीने कर्तरी अशी ही रचना आहे, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. इंग्रजी शिकताना तिची वृत्ती लक्षात घ्यावयाची व घडण बाजूला ठेवावयाची, एवढे एक वाक्य वर्गात वेळेवर सांगितले तर पुढची निम्मी फरपट वाचते.

इंग्रजी कर्मणीला अधिक जवळचा असा एक प्रयोग जुन्या मराठीत होता. संस्कृतातील 'य' व प्राकृतातील 'इज्ज' ह्यांच्यापासून आलेल्या 'करिजे', 'बोलिजे' ह्यांसारख्या रूपांचा तो प्रयोग असून दामल्यांनी त्याला पुराणकर्मणी म्हटले आहे. बोलीतून तो केव्हाच नाहीसा झाला. ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण लिहिणाऱ्या वि. का. राजवाड्यांचे निधन १९२६ मध्ये धुळ्यास झाले व त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच आहे. जुन्या मराठीतील अशा रूपांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्यात त्यांच्या कामाचा वाटा मोठा आहे. त्या प्रयोगाचे दोन अवशेष आपण दररोज न ओळखता वापरतो : 'पाहिजे' व 'म्हणजे'. 'मला पाणी पाहिजे' ह्यात पाणी 'पाहिले जाते' असा मूळ अर्थ होता. जुना कर्मणी गेल्यावर त्याची जागा 'जाणे' ह्या साहाय्यक क्रियापदाने घेतली : 'रावण मारला गेला', 'चोर पकडला जाईल'. ह्याला नवीन कर्मणी म्हणतात. घडणीच्या दृष्टीने इंग्रजी कर्मणीशी जुळणारा मराठी प्रयोग हाच होय. त्याचा वापर मात्र इंग्रजीच्या मानाने पुष्कळच मर्यादित आहे.

खानदेशातील परिस्थिती : जुना खानदेश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असा विभागला गेला, पुढे त्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. ह्या प्रदेशात धुळे, साक्री, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव ह्या बाजूंस अहिराणी, यावल-रावेर-भुसावळ पट्ट्यात लेवा गणबोली आणि सातपुड्याच्या अंगाने भिल्ली व पावरी बोली बोलल्या जातात [→ अहिराणी बोली]. ग्रीअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात (१९०७) खानदेशीचा विचार भिल्ली भाषांबरोबर केलेला असून गुजरातीशी असलेले तिचे साम्य दाखविले आहे. तिचे वर्गीकरण कसेही केले, तरी शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की येथील पुष्कळ मुलांना पाठ्यपुस्तकातील मराठी हीच शाळेत शिकावयाची पहिली भाषा असते. घरी 'पाहुना उना', 'तो गया' म्हणणारे मूल शाळेत 'पाहुणा आला', 'तो गेला' शिकते. भूतकाळाची खूण म्हणून व्याकरणाच्या पुस्तकात दिलेला 'ल' त्याच्या बोलीतील अशा नित्याच्या रूपांत नसतोच. चतुर्थीचा 'ला' त्याच्याकडे 'ले' असतो : 'माले', 'तुले'. कर्त्याला प्रत्यय लावून सकर्मक क्रियापद कर्माशी जुळविण्याची भूतकाळातील रीत मात्र अहिराणीतही आहे. त्यामुळे मागे वर्णिलेला सापळा त्याच्यापुढे तसाच राहतो आणि त्यातून सुटण्यासाठी जी मराठी परिभाषा हाती दिली जाते, ती त्याच्या कानाला परकी असते.

इ. स. २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून आले. त्याने वाक्ये लवकर कानांवर पडू लागली, तरी प्रयोगपरिवर्तनाचा पाठ जुन्याच पद्धतीने शिकविला जातो. ती पद्धती भाषांतराची आहे. आधी इंग्रजी वाक्याचे मराठी करावयाचे, कर्त्याला 'कडून' लावावयाचे, क्रियापदाला 'जातो', 'गेला', 'जाईल' जोडावयाचे आणि मग त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करावयाचे. 'आय ईट अ मँगो' ह्यापासून 'माझ्याकडून आंबा खाल्ला जातो' असे मराठी तयार होते. असे मराठी जळगावात कोणी बोलत नाही, पुण्यातही बोलत नाही. अहिराणी भाषक मुलाला मात्र हे कोणी बोलत नाही हेच ठाऊक नसते; पुस्तकी मराठी अशीच असेल असे समजून ते वाक्य तो पाठ करतो. ह्या पद्धतीची खरी हानी ही आहे.

'कडून'चे अनेक अर्थ : भाषांतरपद्धती ज्या एका शब्दावर उभी आहे, तो शब्दच भरवशाचा नाही. 'पोलिसांकडून चोर पकडला गेला' ह्यात तो कर्ता दाखवितो. 'मला काकांकडून पुस्तक मिळाले' ह्यात तो उगम दाखवितो व इंग्रजीत तेथे 'फ्रॉम' हवा; परंतु 'कडून' म्हणजे 'बाय' हे समीकरण पक्के झाल्यामुळे 'आय गॉट अ बुक बाय माय अंकल' असे वाक्य येते. 'त्याने माझ्याकडून काम करवून घेतले' ह्यात तो ज्याच्या हातून काम झाले तो मधला माणूस दाखवितो. आणि 'माझ्याकडून पेला फुटला' ह्यात तर एक वेगळीच छटा आहे : मी फोडला नाही, हातून फुटला. मराठी माणूस आपली चूक कबूल करतानाच तीमागे हेतू नव्हता हे ह्या एका शब्दाने सांगून टाकतो. त्याचे 'द ग्लास वॉज ब्रोकन बाय मी' असे इंग्रजी केले, की नेमके उलटे होते. वाक्याच्या शेवटी येणाऱ्या 'बाय मी'वर भर पडून फोडणारा मीच असे ठासून सांगितल्यासारखे वाटते. तेथे साधे 'आय ब्रोक द ग्लास' किंवा 'बाय ॲक्सिडेंट' जोडून केलेले वाक्यच योग्य. 'आजीच्याने आता दळण दळवत नाही' ह्या शक्य कर्मणी रचनेतील 'च्याने' हाही असाच वेगळा; तेथे इंग्रजीत प्रयोग न बदलता 'कॅनॉट' वापरून काम होते.

'होता'ची दिशाभूल : इंग्रजी कर्मणीचा कणा 'बी' हे क्रियापद आहे आणि 'वॉज' म्हणजे 'होता' हे मूल पहिल्याच वर्षी शिकते. मराठीत 'होता' हे पूर्ण भूतकाळाचेही साहाय्यक आहे, तेथे इंग्रजीत 'हॅड' लागतो. 'अपघात झाला होता', 'तो गावाला गेला होता', 'आजोबा वारले होते' ह्या वाक्यांतील 'होता' शब्दशः नेला, की 'द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' व 'ही वॉज डाइड' अशी वाक्ये तयार होतात. ही चूक प्रयोगाची समजून तपासली जाते. वस्तुतः ती काळाची आहे आणि अकर्मक क्रियापदाला इंग्रजीत कर्मणी रूप नसते एवढे सांगून ती पुरती जात नाही. उलट 'आय वॉज बॉर्न' येथे 'वॉज' आवश्यक असताना 'मी जन्मलो' ह्या मराठीतील कर्तरीमुळे विद्यार्थी 'आय बॉर्न' लिहितो. ह्या दोन चुका एकाच वहीत शेजारीशेजारी सापडतात आणि दोन्हींच्या मुळाशी मराठीच असते.

दोन कर्मे घेणाऱ्या क्रियापदांची अडचण ह्याहून वेगळी आहे. 'दे गेव्ह मी अ प्राइझ' ह्याची दोन कर्मणी रूपे होतात : 'अ प्राइझ वॉज गिव्हन टू मी' आणि 'आय वॉज गिव्हन अ प्राइझ'. इंग्रजीत दुसरे अधिक रूढ आहे. परंतु ते मराठी मनाला मानवत नाही. ज्याला दिले जाते तो मराठीत 'मला'च राहतो, त्याचा 'मी' कधी होत नाही. 'मी दिला गेलो' असे म्हटले तर मलाच कोणाला तरी देऊन टाकल्यासारखे होईल. खानदेशातील विद्यार्थी 'माले'ला धरून राहतो व 'टू मी वॉज गिव्हन अ प्राइझ' असे लिहितो. शब्दक्रम मोकळा असलेल्या भाषेतून स्थिर शब्दक्रमाच्या भाषेत जाताना हे होणारच. इंग्रजीत वाक्यारंभीची जागा हीच कर्तेपणाची निशाणी आहे, विभक्तीप्रत्यय नाही, हे येथे उदाहरणांनी दाखवावे लागते.

रूपे कशी करावीत : काळांचे बारा घरांचे कोष्टक पाठ करून घेण्याचा प्रघात नेसफील्डच्या व पुढे रेन आणि मार्टिन ह्यांच्या व्याकरणांपासून भारतभर रूढ आहे. त्याऐवजी एकच नियम पुरेसा होतो. कर्तरी वाक्यात मुख्य क्रियापदाचे जे रूप असेल, ते रूप 'बी'ला द्यावे आणि मुख्य क्रियापद तिसऱ्या रूपात ठेवावे. 'टेक्स' असेल तेथे 'इज टेकन' (अनेकवचनी उद्देशाला अर्थात 'आर'). 'टुक' तेथे 'वॉज टेकन'. 'इज टेकिंग' तेथे 'इज बीइंग टेकन'. 'हॅज टेकन' तेथे 'हॅज बीन टेकन'. 'विल टेक', 'मस्ट टेक' तेथे 'विल बी टेकन', 'मस्ट बी टेकन'. बाकीची साहाय्यके जागच्या जागी राहतात, फक्त नव्या उद्देशाशी जुळवून घेतात. 'हॅज बीन टेकिंग' ह्याचे कर्मणी नियमाने होऊ शकते, पण प्रत्यक्षात कोणी करीत नाही व ते विचारूही नये. इंग्रजीतही ही सारी रूपे एकदम आलेली नाहीत. जुन्या इंग्रजीत 'बी'बरोबर आणखी एक साहाय्यक वापरीत, ते पुढे लोपले. आणि 'द हाउस इज बीइंग बिल्ट' ही घडण तर अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आली, त्यापूर्वी 'द हाउस इज बिल्डिंग' असेच म्हणत.

'हॅव', 'लॅक', 'रिझेम्बल', 'कॉस्ट' ह्यांसारख्या स्थितिवाचक क्रियापदांना कर्मणी रूप सहसा नसते. काही क्रियापदांबरोबर 'बाय'ऐवजी दुसरे अव्यय येते, उदा., 'नोन टू', 'फिल्ड विथ', 'सरप्राइज्ड ॲट'. क्रियापदाला जोडून येणारे अव्यय कर्मणीतही सोडता येत नाही : 'ही वॉज लाफ्ड ॲट'. मराठीत 'लोक त्याला हसले' एवढेच असल्यामुळे तो शेवटचा 'ॲट' हमखास गळतो.

मराठीतील खरे प्रतिरूप : छापील इंग्रजीतील बहुतेक कर्मणी वाक्यांत कर्ता दिलेलाच नसतो. तो ठाऊक नसतो, सांगण्याची गरज नसते किंवा सांगावयाचा नसतो, म्हणूनच ती रचना निवडलेली असते. हे एकदा पाहिले म्हणजे मराठीत तिचे प्रतिरूप शोधण्याची दिशाच बदलते. कर्ता सांगावयाचा नसेल तेव्हा मराठी माणूस 'गेला'कडे क्वचित वळतो. तो कर्ता नुसता गाळतो. भूतकाळात 'चोराला पकडले', 'रस्ता बंद केला', 'मला बोलावले आहे' असे म्हणतो आणि वर्तमानकाळात तृतीय पुरुषी अनेकवचन वापरतो : 'रावेरची केळी दिल्लीला पाठवितात'. ह्यांची सरळ इंग्रजी रूपे 'द थीफ वॉज कॉट', 'द रोड हॅज बीन क्लोज्ड', 'आय हॅव बीन कॉल्ड' व 'बनानाज फ्रॉम रावेर आर सेंट टू डेल्ही' ही होत. जिनिंगमध्ये काय चालते हे खानदेशातील मुलाला चांगले ठाऊक असते : कापूस वाळवितात, सरकी वेगळी काढतात, रुई दाबून गाठी बांधतात. ही तीन वाक्ये त्याच्याकडून बोलवून घेऊन त्यांचे इंग्रजी करविले, तर 'इज ड्राइड', 'आर सेपरेटेड', 'इज प्रेस्ड' ही रूपे कोणत्याही 'कडून'शिवाय त्याच्या हाती लागतात. 'पाठवितात'मधील न सांगितलेल्या कर्त्यासाठी तो 'दे' घालील, हा धोका आहे. परंतु 'दे म्हणजे कोण?' एवढे विचारले, की कर्मणीची गरज त्याची त्यालाच पटते.

ह्या गोष्टीचे महत्त्व परीक्षेतील दोनचार गुणांपुरते नाही. मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी विज्ञान शाखेत गेला, की त्याला प्रयोगवही इंग्रजीत लिहावी लागते आणि ती वही जवळजवळ संपूर्णपणे कर्तृहीन कर्मणीत असते : 'द सोल्यूशन वॉज हीटेड', 'द रीडिंग्ज वेअर नोटेड'. मराठीत तो 'द्रावण तापविले', 'वाचने टिपली' असे म्हणतो. त्यात कोठे 'गेले' नाही, म्हणून इंग्रजीत 'वॉज' घालावयाचे त्याला सुचत नाही आणि 'द सोल्यूशन हीटेड' असे लिहून तो मोकळा होतो. वाक्य असे वाचले जाते, की द्रावण आपले आपणच तापले. शाळेत शंभर वाक्यांचे प्रयोगपरिवर्तन केलेला विद्यार्थीही हेच लिहितो, कारण त्या शंभर वाक्यांत 'राम', 'मँगो' व 'बाय' होते, कर्ता नसलेले वाक्य त्याने स्वतः कधी रचलेले नव्हते.

बंगालीशी तुलना : बंगालीत क्रियापदाला लिंग नाही आणि भूतकाळातही ते कर्त्याच्या पुरुषाप्रमाणेच चालते : 'आमि भात खेयेछि', 'राम भात खेयेछे'. त्यामुळे 'रामाने आंबा खाल्ला' ह्याच्यासारखा सापळा बंगाली विद्यार्थ्यापुढे नसतो. 'राम एट' हे कर्तरी आहे, हे त्याला वेगळे समजवावे लागत नाही. बंगाली व्याकरणातील कर्तृवाच्य, कर्मवाच्य व भाववाच्य ही नावे मराठीसारखी दिसत असली, तरी त्यांचे व्यवहारातील ओझे हलके आहे. त्याची अडचण दुसरीकडे आहे. 'आमार भात खाओया हयेछे' ह्या रचनेत कर्ता षष्ठीत जातो व क्रिया नामासारखी होऊन 'होणे' हे क्रियापद घेते. मराठीत ह्याच्या जवळ जाणारे वाक्य म्हणजे 'माझा धडा वाचून झाला', दामल्यांच्या भाषेत समापन कर्मणी. त्याचे 'माय लेसन इज रीड' असे इंग्रजी करण्याचा मोह दोघांनाही होतो. खरे इंग्रजी 'आय हॅव फिनिश्ड रीडिंग माय लेसन' असे कर्तरीच आहे. 'द्वारा' हा शब्द दोन्ही भाषांच्या पुस्तकी कर्मणीत आला आहे आणि दोन्हीकडे तो बोलण्यापेक्षा छापण्यातच अधिक आढळतो.

इंग्रजीचा मराठीवर परिणाम : प्रयोगाची देवघेव उलट दिशेनेही झाली आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्यानंतर शासनव्यवहार मराठीत होऊ लागला, तेव्हा इंग्रजी आदेशांतील कर्तृहीन कर्मणीसाठी मराठीत काहीतरी ठरीव रचना हवी होती. '-ण्यात येणे' ही रचना त्या कामी सर्रास वापरली गेली : 'सूचित करण्यात येते की', 'अनुदान मंजूर करण्यात आले आहे'. ती इंग्रजीच्या छायेत फोफावली, असे सामान्यतः मानले जाते. वृत्तपत्रांनीही ती उचलली आणि 'सभेत ठराव केला' म्हणावयाचे तेथे 'सभेत ठराव करण्यात आला' असे रूढ झाले. भाषाप्रेमी तिच्यावर टीका करतात व ती बव्हंशी रास्त आहे. परंतु इंग्रजी शिकविणाऱ्याला ती उपयोगी पडते. ग्रामपंचायतीच्या फळ्यावरील सूचना, वीज मंडळाच्या जुन्या नोटिसा, विद्यापीठाची परिपत्रके ह्यांतील '-ण्यात आले' जेथे जेथे आहे, तेथे तेथे इंग्रजीत बहुधा 'बी' व तिसरे रूप सापडते.

आज्ञार्थी वाक्यांचे परिवर्तन हा अभ्यासातील सर्वांत कृत्रिम भाग होय. 'क्लोज द डोअर' ह्याचे 'लेट द डोअर बी क्लोज्ड' असे करून घेतात. दार लावण्यासाठी असे इंग्रजी कोणत्याही घरात बोलले जात नाही. प्रश्नार्थी 'हू ब्रोक द विंडो?' ह्याचे 'बाय हूम वॉज द विंडो ब्रोकन?' हेही त्याच जातीचे आहे. परीक्षेत विचारले जाते तोवर ते शिकवावे लागेल, पण त्यावर आठवडा घालवू नये. त्याऐवजी मराठीतील विध्यर्थाकडे वळणे फायद्याचे आहे. 'आवा' हा प्रत्यय संस्कृतातील 'तव्य'पासून आला असून तो मुळातच कर्मणी वृत्तीचा आहे. म्हणून 'अर्ज दोन प्रतींत भरावा', 'पावती जपून ठेवावी', 'गाडी सुटण्यापूर्वी तिकीट घ्यावे' ह्या सूचनांत कर्ता नसतो आणि क्रियापद अर्ज, पावती, तिकीट ह्यांच्याशी जुळते. 'द फॉर्म शुड बी फिल्ड इन डुप्लिकेट', 'द रिसीट शुड बी केप्ट', 'द टिकेट शुड बी बॉट बिफोर द ट्रेन लीव्ह्ज' ही त्यांची इंग्रजी रूपे घडणीनेही मराठीच्या अगदी जवळ आहेत, आणि भुसावळ जंक्शनवर उभ्या असलेल्या मुलाला तशी वाक्ये एका फलकावर दोन्ही भाषांत शेजारीशेजारी वाचावयास मिळतात.